बांगड्यांची बेरीज

"तीन अधिक चार" एवढं कानी पडलं की राजकन्या मृणालवती दोन्ही कानांवर हात ठेवून भोकाड पसरायची! वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची. बेरीज म्हटली की संपलंच. चार पंतोजी झाले, चौघांनीही हात टेकले.

त्या दिवशीही तेच रडगाणं चालू होतं. राणीवशात बांगड्या भरायला आलेल्या येसू कासारणीला हसू आवरलं नाही. नेमकं ते राजानं ऐकलं. राजा धवलसेन म्हणजे हट्टाचा पुतळा!

"हसतेस? मग तूच शिकव! दिवेलागणीच्या आत लेकीला बेरीज आली पाहिजे. आणि तुझ्या तोंडून एकही आकडा निघता कामा नये! निघाला, तर तुझं दुकान या नगरातून उठलं!"

येसूनं पदर खोचला आणि पेटी उघडली.

"ताईसाहेब, बांगड्या भरायच्या?"

लाखेच्या दहा सैल बांगड्या तिनं मुलीच्या डाव्या हातात चढवल्या. मग त्यातली एक काढून उजव्या हातात घातली.

"इकडे नऊ, तिकडे एक!" मुलगी आपणहून मोजू लागली. आणखी एक हलली. "आठ अन् दोन!" मग सात अन् तीन... खेळ चांगलाच रंगला.

येसूनं तिचे दोन्ही हात पदराखाली घेतले, बांगड्या इकडच्या तिकडे केल्या आणि डावा हात तेवढा बाहेर काढला.

"झाकल्या हातात किती?"

मुलीनं दिसणाऱ्या सहा मोजल्या आणि ओरडली, "चार!"

दिवेलागणीला राजा आला. "सांग, सात आणि पाच किती?"

येसूचा जीव टांगणीला लागला. हे तर दहाच्या पल्याडचं! पण मुलगी रडली नाही. तिनं पेटीतून आणखी दोन बांगड्या घेतल्या. एका हातात सात केल्या, दुसऱ्यात पाच. क्षणभर दोन्ही मनगटं न्याहाळली, मग पाचांतल्या तीन काढून सातांत घातल्या.

"या हातात झाल्या दहा, इथे उरल्या दोन. बारा!"

"तू आकडे सांगितलेस!" राजा येसूवर गरजला.

"छे हो, सरकार! मी नुसत्या बांगड्या भरल्या. बोलल्या त्या बांगड्याच!"

मागे छडी घेऊन उभे असलेले चौथे पंतोजी फणकारले, "म्हणजे आता आम्हीही हातात बांगड्या भरायच्या की काय?"

"भरा की! पण आधी छडी टाका, पंतोजी. घट्टे पडलेल्या हातात माझी बांगडी चढत नाही!"

राजा इतका हसला, इतका हसला, की मुकुट कानावर आला! गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्यानं येसूच्या ओंजळीत टाकला आणि डोळे पुसत म्हणाला, "उद्या वजाबाकी घे!"