साळिंदराचं गाठोडं

जंगलात माणसाची पायवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. जांभळीखाली बसून म्हातारं साळिंदर झाडपाल्याची औषधं देई. मग कोल्ह्यानं मोठं दुकान काढलं. त्याचे कावळे औषधं घरपोच आणून देत. साळिंदराकडे कुणी फिरकेना. शेवटी त्यानं गाठोडं बांधलं.

तेवढ्यात खार धापा टाकत आली. "बाबा, पिल्लू तापलंय. कावळ्यानं ही पूड दिलीय. किती देऊ?"

साळिंदरानं पूड हुंगली. "देऊ नकोस! गेल्या वर्षी हिनंच त्याचं अंग सुजलं होतं, विसरलीस?" त्यानं गाठोडं सोडून वेगळी मुळी दिली आणि पुन्हा गाठ मारली.

संध्याकाळी पिल्लू फांद्यांवर उड्या मारत होतं. खारीचा जीव भांड्यात पडला. "बाबा, यापुढे विचारायला तुमच्याकडेच येईन."

"आणि औषध घ्यायला?"

खार ओशाळली. मग वाकून गाठोड्याची गाठ सोडू लागली.