गढीत विष घालतं कोण?

फार जुन्या काळी, राज्याच्या सीमेवरच्या एका गढीत एक सरदार राहत असे. एका सकाळी आरशात त्याला स्वतःचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. पोट फुगले होते, पाय सुजले होते आणि दंडांच्या काड्या झाल्या होत्या.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. नक्कीच कुणीतरी आपल्याला विष घालते आहे.

त्या गढीची एक रीत होती. वाढणाऱ्याने पहिला घास स्वतः खायचा. आचाऱ्याने खाल्ला, त्याला काही झाले नाही. तरी सरदाराने त्याला हाकलले. मग धाकट्या भावाने खाल्ला. "याने आधीच उतारा घेतला असणार," सरदार पुटपुटला. भावालाही त्याने वेशीबाहेर काढले. उरली बायको.

"अहो, चाखून चाखून मी जाड झाले आणि तुम्ही वाळलात," ती म्हणाली. "विष असतं तर उलटं नसतं का झालं?"

सरदार हसला नाही. ही जाड का होते आहे, याचाही त्याला संशय आला.

अखेर रानातली म्हातारी वैदीण आली. तिने त्याच्या बरगडीखाली बोटे दाबून पाहिली.

"बाबा, यकृताचा दगड झालाय. तोंडात काय काय जातं तुझ्या?"

"जे जातं ते चाखलेलं."

"आणि तोंडाला वास येतोय ती मोहाची दारू?"

"ती मीच गाळतो, मीच ओततो. वीस वर्षं झाली. दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही."

"म्हणजे तेवढी एकच गोष्ट कुणी तपासली नाही."

"विष वीस वर्षं थांबतं होय, म्हातारे?"

"रोज वाट मोकळी मिळाल्यावर ते घाई कशाला करेल?"

सरदार उठला. मग त्याने दारूची मडकी फोडायला लावली आणि आचाऱ्याकडे व भावाकडे माणसे धाडली. आचारी परतला. भाऊ दूरच्या राज्यात चाकरीला लागला होता. "पुन्हा संशय घेणार नाही कशावरून?" एवढाच त्याचा निरोप आला.

दारू सुटली, सूज थोडी उतरली. पण दगड झालेले यकृत मऊ झाले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात सरदार गेला. भाऊ पोचला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला.

म्हणून लहानथोरांनो, जगावर संशय घेण्याआधी माणसाने आपल्याच हातातला पेला तपासावा.