दसऱ्याचा गालिचा

यंत्रांचं बोलणं माणसांना ऐकू येईनासं झालं, त्यानंतरची ही गोष्ट. एका जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स भयंकर संतापला होता. दसऱ्याला ड्रायव्हर भागीनाथने केबिन सजवली आणि पायाखाली जाडजूड गालिचा अंथरला. तेव्हापासून प्रत्येक गिअर खरखरत पडायचा.

"म्हातारा झालाय हा गिअरबॉक्स!" भागीनाथ दांडा हिसडत ओरडे.

"अरे, क्लच पुरता दाब की!" गिअरबॉक्स करवादे. "पेडल गालिच्यावर अडतंय आणि दात माझे झिजतायत!"

दोनदा तो खोलला, पण काहीच सापडलं नाही. तिसऱ्या वेळी बोलावलेल्या शब्बीर मिस्त्रीने आधी पेडल दाबून पाहिलं, मग गालिचा ओढून बाहेर फेकला. गिअर अलगद पडला.

भागीनाथने गालिचा उचलून मायेनं झटकला.

"दोनदा खोलला, तेव्हा कुठे वठणीवर आला बघा हा गिअरबॉक्स!"