यादीतलं अनोळखी नाव

दृष्टांत सांगावा कीर्तनकारानं. मी मागाचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग जुळवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. तरी वाचनालयाचा माणूस अंकासाठी तीनदा दारात येऊन बसला. चौथ्यांदा आला तर जेवायलाच थांबेल, म्हणून लिहितो. शुद्धलेखन त्यानं बघावं.

एकदा एक चादरीचा व्यापारी होता. त्याच्या कारखान्यात नक्ष्या कॉम्प्युटरवर काढत. तेवीस वर्षांचे मोर, कमळं, बुट्टे, सगळे त्या एका पेटीत. त्याला एकाएकी भय वाटू लागलं की कामगार आपल्या नक्ष्या पळवतील. म्हणून त्यानं एका वृद्धाच्या शिष्याला बोलावलं. हा वृद्ध आधी माग दुरुस्त करी, गुडघे गेल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. (वृद्ध म्हणजे मीच. दृष्टांतात असंच म्हणायची रीत आहे म्हणतात.)

व्यापारी म्हणाला, "माझ्याशिवाय कुणाचा हात याला लागता कामा नये."

शिष्यानं परवानग्यांची यादी उघडली. कोणी काय उघडावं, कोणी काय बदलावं, ते त्या यादीवर ठरतं. तो एकेक नाव पुसत गेला आणि एका नावापाशी अडला.

"शेठ, हा 'सिस्टीम' कोण?"

"असा कुणी आमच्या हजेरीवर नाही. काढ."

त्यानं काढलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, तर उठेचना. नुसता काळा पडदा.

बाजारातला एक जाणकार म्हणाला, सगळं पुसा आणि नवं भरा. पण नक्ष्या ज्या प्रोग्रॅममध्ये उघडत, तो करणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तो पुसला गेला की पुन्हा मिळणार नव्हता, आणि त्याच्यावाचून तेवीस वर्षांच्या नक्ष्या असून नसल्यासारख्या. व्यापाऱ्यानं वृद्धाला रिक्षा पाठवली.

वृद्ध आत येतो तोच शिष्य पुढे झाला. "मामा, चूक माझी आहे." सगळ्या कामगारांसमोर म्हणाला. कुणी विचारलंही नव्हतं.

वृद्धानं बंद कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. पुढच्या ऑफिसात तसाच दुसरा कॉम्प्युटर होता, त्याच्यासमोर जाऊन बसला. शिष्याला म्हणाला, "वही काढ. इथली यादी लिही. कुणाला काय परवानगी, ओळ न ओळ."

व्यापारी भडकला. "आजारी तिकडं पडलाय आणि हे म्हातारं शेजारच्याची नाडी बघतंय! चौथी शिकलेल्या अडाण्याला बोलावलं, माझंच चुकलं!"

कामगार हसले. वृद्धानं शिष्याला पुढची ओळ दाखवली. वही भरेपर्यंत दीड तास गेला.

मग त्यानं पेनड्राइव्ह लावून बंद कॉम्प्युटर बाहेरून उघडला. शिष्य हळूच म्हणाला, "मामा, सगळ्यांनाच सगळी परवानगी देऊन टाकू का? लगेच चालू होईल."

वृद्धानं त्याच्या हातावर चापट मारली. "मागाला एक धागा नको झाला म्हणून ताणा कापतोस, आणि आता तुटला म्हणून सगळे धागे एकाच गाठीत बांधतोस? वही धर. वाच."

शिष्य वाचत गेला, वृद्ध एका बोटानं टाइप करत गेला. ज्याचं जेवढं होतं, तेवढंच परत दिलं. कमी नाही, जास्त नाही. दुपारी तीनला पडदा उजळला. पहिला मोर उघडला तसा नक्षीकार खुर्चीतून उठून उभा राहिला.

व्यापारी म्हणाला, "पण तो सिस्टीम आहे तरी कोण?"

वृद्धानं विचारलं, "शेठ, तुमच्या रंगखात्यात सूत उकळायला वाफ लागते. पहाटे बॉयलर कोण पेटवतो?"

"असेल कंत्राटदाराचा कुणीतरी."

"इरप्पाकाका," शिष्य खालमानेनं म्हणाला. "त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्लीय मी."

"हजेरीवर आहे?"

"नाही."

वृद्ध म्हणाला, "त्याचं नाव हजेरीवर नाही म्हणून उद्या त्याची किल्ली काढून घ्या. सकाळी तीनशे माणसं दारात उभी राहतील आणि सुताची एक तार ओली होणार नाही. सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरातला इरप्पा. तुम्ही यायच्या आधी येतो, दार उघडतो, वाफ धरतो. चोराला अडवा, जरूर अडवा. पण आपण ज्याला ओळखत नाही तो प्रत्येकजण चोर नसतो, शेठ. आपलं उठणं त्याच्या हातात असतं."

शिष्यानं वही मिटली आणि पिशवीत घातली. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. ती वही गल्ल्यावर असते, आणि अनोळखी नाव दिसलं की तो आधी विचारतो, मग पुसतो. आयुष्यात मी हजारभर माग जुळवले, पण एवढा नीट जुळलेला दुसरा नाही.

दृष्टांतात कुणाचं नाव घालत नाहीत म्हणे. मी घालतो. नऊ वर्षं झाली. मोर, कमळं, बुट्टे सगळे अजून त्याच पेटीतून निघतात. चारचौघांत मला अडाणी म्हणाल्याची माफी मात्र निघाली नाही. रिक्षा पाठवू नका, स्वतः या, मी घरीच असतो, नरहरीशेठ दुडम.