वाघाने राखलेला बैल

"उद्या सकाळी सगळे मुखवटे होळीत!" राजा गंभीरसेन गरजला, आणि दरबारात उभी असलेली तानू दचकलीच. कारण ते मुखवटे तिच्या बापाने, बाळू जिनगराने, केलेले होते.

सोनवडीची रीतच तशी होती. चौकात एक पार होता. मुखवटा घालून पारावर चढायचं आणि मनात येईल ते बोलायचं. राजाला बोला, प्रधानाला बोला, कुणी नाव विचारायचं नाही! तोंडावर कुणी खरं सांगत नाही म्हणून राजानेच ही मुभा दिली होती. मुखवटा घट्ट बसावा म्हणून बाळू आणि तानू तो ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर बेतूनच करत. कोणत्या सोंगामागे कोण, हे त्या बापलेकींना ठाऊक असे. पण दोघांनी कधी ब्र काढला नव्हता.

मग एकदा गोजराबाई तेलीण भर बाजारात, तेही उघड्या तोंडाने, म्हणाली, "सरकारी वजनं खोटी आहेत!" झालं! दुसऱ्याच दिवशी पारावर एक वाघ चढला. "गोजरे, तुझा बैल मारीन! घाणा मोडीन!" त्याचं बघून लांडगा, तरस आणि एक घुबडसुद्धा डरकाळ्या फोडू लागलं. घुबड म्हणे तिचं छप्परच पेटवणार होतं! गोजराबाई घराबाहेर पडेनाशी झाली. घाणा थांबला, बोचकं बांधून झालं. आईवेगळ्या तानूला तिने मांडीवर खेळवलं होतं. ती गाव सोडणार हे ऐकून तानूला रडूच फुटलं, आणि डोळे पुसत ती तडक दरबारात आली. तर राजाने हा असा निकाल दिला!

"जाळाच मुखवटे, दाजीसाहेब!" राजाचा मेहुणा मानाजीराव म्हणाला. बाजारातली वजनं त्याच्याच ताब्यात होती.

"जाळा की, महाराज!" तानू म्हणाली. "धमक्या थांबतील. पण उद्या तुमच्या माणसांच्या लबाड्या तुम्हाला सांगणार कोण? उघड्या तोंडाने बोलली त्या गोजरामावशीचं काय झालं, बघताय ना?"

राजा हट्टी होता, पण मूर्ख नव्हता. "बरं! मग तूच कर काहीतरी. धमक्या बंद झाल्या पाहिजेत. पण कुणाचं तोंड बंद करायचं नाही, आणि बोलला म्हणून कुणाचा मुखवटा उतरवायचा नाही! जमलं नाही, तर मुखवटे होळीत आणि तुम्ही बापलेक गावाबाहेर!"

"नुसतं बोलला म्हणून नाही उतरवायचा. असंच ना, महाराज?"

"असंच!"

तानूने चौकात दवंडी पिटवली आणि स्वतः पारावर चढली. "ऐका हो! ज्याला जे बोलायचं ते खुशाल बोला. टिंगल करा, राजाला नावं ठेवा. धमकीसुद्धा द्या!"

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले.

"मात्र जो ज्या गोष्टीला धमकी देईल, तिची राखण आजपासून त्याच्याकडे! वाघोबांनी बैल मारीन म्हटलंय, तर बैल वाघोबांच्या हवाली. बैल धडधाकट आहे तोवर वाघ कोण हे मी कुणाला सांगायची नाही. बैलाला काही झालं, की वाघाने पंचांपुढे मुखवटा उतरवायचा आणि आपण कुठे होतो ते सांगायचं!"

"अन् बैल आपोआप आजारी पडला तर?" घुबडाने घाबरून विचारलं.

"तर वैद्याला सगळ्यांच्या आधी वाघोबाच बोलावतील! तुम्ही छपराचं बघा, घुबडराव!"

सकाळी गोजराबाईने भीतभीत दार उघडलं, तर बैलापुढे हिरवागार चारा! छपरावर कुणीतरी पाणी शिंपडून ठेवलेलं. एक गृहस्थ घाण्याला पाचर ठोकत होता. "सहज चाललो होतो," म्हणाला. "तानू, गावाला झालंय तरी काय?" गोजराबाई बघायला आलेल्या तानूला म्हणाली. "माझ्या बैलाचं एवढं कौतुक त्याच्या आईनंसुद्धा केलं नसेल!" तिने बोचकं सोडलं आणि घाणा सुरू केला.

राजा हा चमत्कार बघायला आला. बघतो तर काय! रेशमी धोतर खोचून मानाजीराव उपरण्याने बैलाच्या माश्या वारत होता.

"मानाजीराव, तुम्ही इथे?"

"मुक्या जनावराची सेवा, दाजीसाहेब! पुण्य लागतं!"

तेवढ्यात बैल शिंकला. मानाजीराव पांढराफटक पडला. "वैद्य! अरे, कुणीतरी वैद्याला बोलवा!"

राजाने तानूकडे पाहिलं. तानूने आभाळाकडे पाहिलं. "मी काही बोलले नाही हं, महाराज!"

राजाने वजनं तपासली, ती खोटी निघाली. मानाजीरावाचं काम गेलं आणि त्याचा बाजारातला गाळाही गेला.

संध्याकाळी राजा स्वतः पारासमोर बसला. एक अस्वल वर चढलं. "ए न्हाव्या, तुझा हात..." आणि एकदम थबकलं. "तुझा हात बरा आहे ना रे आता?" लोक पोट धरून हसले.

मग आलं एक माकड. "आपल्या राजाचं पोट दरबारात आधी येतं, आणि राजा मागाहून!"

राजा लालबुंद होऊन उठला. "तानू! कोण आहे हे माकड? नाव सांग!"

तानूने हात जोडले. "सांगते, महाराज! फक्त पंचांना आधी एवढं दाखवा, पोटाला लागलंय कुठे?"

राजाने खाली वाकून पोटाकडे पाहिलं. पोट जागच्या जागी होतं. मग ते हळूच हललं, गदगदा हलू लागलं, आणि राजा असा हसला की त्याला मटकन खालीच बसावं लागलं!

"हरलो, पोरी!" गळ्यातला कंठा काढून त्याने तिच्या हातात दिला. "मानाजीरावाचा गाळा आजपासून तुझ्या बापाचा. आणि ऐक," तो तिच्या कानाशी वाकला, "मलाही एक मुखवटा कर. मेहुण्याबद्दल चार शब्द बोलायचेत, पण घरी राणीसाहेब आहेत ना!"