चालता रहाट आणि रिकामं ताट

खूप खूप वर्षांपूर्वी एका डोंगरावर एक नगर होतं. तिथल्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि आठवावं असं त्यानं काही केलंही नाही.

नगराला पाणी एकच. खोल विहीर, तिच्यावर लाकडी रहाट आणि रहाटाला जुंपलेला एक म्हातारा बैल. बैल गोल फिरायचा, मडक्यांची माळ वर यायची, हौद भरायचा आणि त्या हौदावर अख्खं नगर जगायचं.

रहाट सांभाळायची एक रहाटकरीण. ज्या सुतारांनी तो घडवला ते कधीच वारले होते, आणि त्याच्या चाकाचे तसे दाते घडवणारा पंचक्रोशीत कुणी उरला नव्हता. दाता निखळला की ती पाचर ठोकायची. पाचरीवर पाचर, तिच्यावर आणखी एक पाचर. त्यात मूळ रहाट किती उरला होता, देव जाणे.

शेवटी ती दरबारात गेली. "महाराज, नवा रहाट हवा."

प्रधानांनी एक ताट पुढे सरकवलं. तिथली रीतच होती: ज्याला नवी वस्तू हवी, त्यानं जुनीचा मोडका तुकडा ताटात ठेवायचा. आळशी कारभाऱ्यांनी ऊठसूट नवं मागू नये म्हणून राजाच्या पणजोबांनी ती घालून दिली होती.

"तुकडा कुठाय?"

"अजून मोडला नाही."

"म्हणजे चालतोय?"

"चालतोय, पण..."

"मग झालं तर!"

रहाटकरणीनं राग गिळला. "महाराज, नवा घडवायला दोन महिने लागतात. आज काम काढलं, तर तोवर हा जुना कसाबसा रेटेल. एक दिवसही कुणी तहानलेलं राहणार नाही. मोडल्यावर काम काढलं, तर दोन महिने लोकांनी प्यायचं काय? आणि याच्या डागडुजीत आजवर दोन नवे रहाट झाले असते!"

"डागडुजीला ताट लागत नाही," प्रधान म्हणाले. "ती खुशाल करा, बाई."

ती पुढच्या वर्षी गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही गेली. तेच ताट, तोच प्रश्न.

"बाई, तुम्ही दरवर्षी ओरडता आणि रहाट आपला चालतोच," प्रधान हसून म्हणाले.

"तो चालत नाही, मी त्याला चालवते!" ती कडाडली, आणि तडक निघून आली.

विहिरीवर येऊन तिनं सगळा राग बैलापुढे ओकला. बैल रवंथ करत म्हणाला, "एवढंच ना? घाल एक घाव, मोड, आणि ने तुकडा."

"अरे शहाण्या, मग तहान कुणाला लागेल? त्या ताटाला?"

बैलानं थोडा विचार केला. "मीही गोल फिरतो, तूही फिरतेस. माझ्या डोळ्यांवर निदान झापडं तरी आहेत."

रहाटकरणीनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा पाचर ठोकायला बसली.

वैशाखात, ऐन उन्हाच्या तडाख्यात, रहाटाची आस मधोमध दुभंगली. सगळी मडकी विहिरीत कोसळली. रहाटकरणीनं आसेचा तुकडा डोक्यावर घेतला आणि दरबारात नेऊन ताटात आदळला.

"मंजूर!" राजा तत्काळ म्हणाला.

परमुलुखातून सुतार आले. काम रात्रंदिवस चाललं, तरी दोन महिने लागायचे ते लागलेच. आठव्या दिवशी लोकांनी गुरं डोंगर उतरून दूर खाली नदीकाठी नेली. पंधराव्या दिवशी कुंभार गेले, मग रंगारी, मग पोराबाळांना घेऊन उरलेले सगळे. नदीकाठी त्यांनी खोपटी घातली, चुली मांडल्या, आणि पुन्हा डोंगर चढायचं कुणी नावही काढलं नाही.

नवा रहाट झाला. काय सुरेख फिरत होता, जरासुद्धा करकर नाही. हौद काठोकाठ भरला आणि पाणी पायऱ्यांवरून वाहू लागलं.

"बाई, एवढं पाणी वाया का घालवता?" राजानं विचारलं.

रहाटकरणीच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. "प्यायला कुणी राहिलंय का, ते बघा ना, महाराज!"

तिनं बैलाच्या मानेवरचं जू उतरवलं आणि ती त्याला घेऊन नदीची वाट उतरू लागली.

बोध: चालतंय तोवरच जे बदलत नाहीत, त्यांना मोडल्यावर नवी वस्तू मिळते, पण तिच्या भरवशावर जगणारी माणसं परत मिळत नाहीत.