शेवंताची खिरापत आणि परीचे पंख

डोंगराच्या कुशीत, निळ्या-निळ्या तळ्याकाठी एक इवलीशी झोपडी होती. तिथं शेवंता आणि तिची आई राहायच्या. पण आई तापानं नुसती फणफणली होती हो! डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. घरात औषध नव्हतं, डब्यात पीठही नव्हतं.

तो हादग्याचा चौथा दिवस. हादग्याची खिरापत ठाऊक आहे ना? पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक वाढती! शेवंतानं रानातून खाऊ गोळा केला. एक सीताफळ, दोन पेरू, तीन आवळे आणि चार भुईमुगाच्या शेंगा.

इतक्यात झोपडीपुढच्या प्राजक्ताखालून कुणीतरी कण्हलं, "आई गं!"

बघते तर काय, वीतभर उंचीची चिमुकली परी! अंगात चमचमता झगा, पण पंखांना पीस म्हणून नाही.

"वाऱ्यानं माझी पिसं उडवून नेली गं," परी म्हणाली. "नाहीतर दवगिरी डोंगरावरचं जादूचं दव आणून तुझ्या आईला बरं केलं असतं."

"मी काय करू, परीताई? सांगा ना!"

"माझ्यापुढं खाऊच्या राशी मांड. जांभळा पंख राशींची बेरीज करतो, सोनेरी पंख गुणाकार. जितकं उत्तर, तितकी पिसं. पण मांडलेली रास परत स्वतःसाठी घ्यायची नाही हं!"

शेवंतानं सगळीच खिरापत मांडली. जांभळ्या पंखाला दहा पिसं फुटली, सोनेरीला चक्क चोवीस! परी उडाली ती तिरकी, आणि धप्पकन गवतात.

"अगंबाई! लंगडेच झाले की पंख!" परी म्हणाली.

शेवंताला रडूच फुटलं. तेवढ्यात एक खारूताई शेंगांपाशी आली. बिचारी हाडकुळी झाली होती. शेवंताच्याही पोटात कावळे ओरडत होते, तरी तिनं विचारलं, "परीताई, हिला देऊ शेंगा? हिची पिल्लं उपाशी असतील."

"स्वतःसाठी नाही ना? मग दे की!"

खारूताई शेंगा घेऊन पळाली. उरल्या तीनच राशी. एक, दोन, तीन. बेरीज केली, सहा. गुणाकार केला, तरी सहाच! जास्तीची पिसं भुरभुर गळली, दोन्ही पंख अगदी सारखे झाले आणि परी भुर्रकन दवगिरीकडे गेली.

ती परतली तेव्हा अळूच्या पानावर दवाचा टपोरा थेंब झुलत होता. परीनं तो आईच्या ओठांवर ठेवला.

"तुमचे उपकार कसे फेडू, परीताई?" शेवंतानं हात जोडले.

"वेडे, तुझ्यामुळंच तर मी उडाले! ह्या तीन राशी आता माझ्या ना? त्या मी तुम्हा मायलेकींना देते." परी गोड हसली. झोपडीभर जांभळा-सोनेरी उजेड पसरला आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.

आईनं हळूच डोळे उघडले. लेकीच्या सुकलेल्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "शेवू, बाळा, तू जेवलीस का गं?"

शेवंता हसता हसता रडली. "आता जेवीन गं आई," ती म्हणाली, "तुझ्याबरोबर."